चार नंबरचा कागद

कागदाच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक कागद चाचपतं, उजेडाला धरतं, फार झालं तर त्याचा वास घेतं. हा माणूस कागदाला भोकं पाडत होता.

मी आत कटिंग मशीनवर होते. बाहेर आले तर काउंटरवर नमुन्यांची चळत विस्कटलेली, आणि एक उंच, भिजलेला माणूस खिशातली पेन्सिल एकेका नमुन्यातून आरपार घालतोय. घालतोय, काढतोय, भोक डोळ्याजवळ नेतोय... आणि मुलगी नापसंत पडल्यासारखं तोंड करून पुढचा नमुना उचलतोय. आठवडाभर नुसती झिमझिम चालली होती. त्याच्या बाहीचं पाणी थेट माझ्या आर्टपेपरवर गळत होतं.

"अहो, काय चाललंय हे?"

"कागद निवडतोय." मान वर न करता उत्तर.

"आमच्याकडे निवडून झाल्यावरही कागद शाबूत असतो."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. डोळे बारीक, शांत, आणि एकदा लागले की न हलणारे. "मला भोक शाबूत राहील असा कागद हवाय," तो म्हणाला.

मला हसू आलं. मला हसू आलं की मी जास्त कडक बोलते, ही माझी जुनी खोड. "किती नमुन्यांची वाट लावलीत?"

"अकरा."

"मग बाराव्याने काय घोडं मारलंय? त्यालाही भोसका. त्याला उगाच वाईट वाटायला नको."

त्याने ते खरं धरलं. बारावा नमुना उचलला, पेन्सिल घातली, बघितलं आणि म्हणाला, "हाही नाही."

असा माणूस. हाकलून द्यायला हवा होता, पण मी त्याला पुसायला फडकं दिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. माझा दादा त्या वेळी बाहेर माल पोचवायला गेलेला, आणि वहिनी आतल्या दारातून डोकावून गेली ती उगाचच दोनदा.

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानदारांचे, गोदामांचे, दवाखान्यांतले. काटा खरं वजन दाखवतोय की नाही ते तपासायचं, आणि नसेल तर त्याला खरं बोलायला लावायचं, हा त्याचा धंदा. आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या रेंजवर तो रायफल चालवायचा. पॉइंट टू टू. पन्नास मीटर.

"गोळी लागली की भोक पडणारच," मी म्हटलं. "त्यात कागद काय वेगळं करणार?"

"शिशाची गोळी, पुढून गोल. वेगही बेताचा. पातळ कागद असला की ती कापत नाही, फाडते. चांदणी होते. मग गोळी नक्की कुठून गेली ते कळत नाही. मऊ कागद असला की तो मागाहून मिटतो, आणि भोक आहे त्याहून लहान दिसतं. एक वाढवून सांगतो, एक लपवून."

"आणि तुम्हाला कसा हवाय?"

"आहे तेवढं सांगणारा."

मग त्याने मला सगळं समजावलं. या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो, रायफलची पिन मध्यावर नाही, काठावर आपटते. तो मसाला एखाद्या दिवशी सगळ्या काठात सारखा पसरतो, एखाद्या दिवशी नाही. म्हणून नाव एकच, डबा एकच, पण दर लॉटचा स्वभाव निराळा. रेंजच्या कोठीत पाच लॉट आले होते. त्यातला कुठला आपल्या रायफलला मानवतो ते कागदावर झाडून बघायचं, एक निवडायचा, आणि दोन महिन्यांनी निवडचाचणीला तोच वापरायचा.

"म्हणजे पाच स्थळं सांगून आलीत म्हणा की."

"हो. आणि रायफल फार चिकित्सक आहे."

"मालकावर गेली असेल."

तो हसला नाही. पण कान लाल झाले, ते मी बघितलं.

---

जो माल विकायचा त्याच्या पाठीशी उभं राहायचं, ही आमच्या दुकानाची रीत. म्हणून पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी बारा प्रकारचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रेंजवर गेले. निदान वहिनीला मी असंच सांगितलं.

"पाठीशी उभी राहायला चाललीस तर केस कशाला धुतलेस?" वहिनी म्हणाली.

"कागदाची धूळ बसते."

"हो का... इतकी वर्षं बसत नव्हती वाटतं."

रेंज म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, पुढे ओलं गवत आणि टोकाला मातीचा बांध. सगळीकडे कुबट करडा उजेड. माझ्यासारख्या उदास जिवाला अशी जागा लगेच आवडते. तो पालथा पडून, रायफलला वाळूच्या पिशवीचा टेकू देऊन दुर्बिणीतून नेम धरायचा. मी मागे उभी राहून बघायची. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि थांबायचा. त्याबरोबर माझाही थांबायचा, ही मात्र माझी अडचण.

पहिल्या दिवशीच नऊ कागद बाद झाले. मॅपलिथो फाटला. आर्टपेपर चमकला आणि त्याचे टवके उडाले. आयव्हरी कार्डाचे पदर सुटले. मऊ पुठ्ठ्याने भोकं गिळून टाकली. शेवटी एक जाडसर, बिनचमकीचं, साईच्या रंगाचं कार्ड निघालं. त्याला कुणी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून माळ्यावर पडून होतं. त्यात गोळीने गोल, नेटकं भोक पाडलं आणि काठाला शिशाची बारीक काळपट कड ठेवली. बांगडीसारखी.

तो ते भोक बघत राहिला. मग माझ्याकडे. मग परत भोकाकडे.

"कुठे होतं हे सगळं इतके दिवस?" तो म्हणाला.

"माळ्यावर."

"कागदाचं नव्हतं विचारलं," तो म्हणाला, आणि घाईघाईने रायफल पुसायला लागला.

मग वर्तुळावर घोळ. त्याला भरीव काळं वर्तुळ हवं होतं. मी म्हटलं, काळ्यात काळं भोक दिसणार कसं? मी नुसत्या रेघेचं, आतून मोकळं वर्तुळ जुळवलं, बाटलीच्या बुचाएवढं. रेघ जाड झाली तर तो म्हणायचा नेम पोहतोय; बारीक झाली तर म्हणायचा हरवतोय. सात वेळा छापलं. एका कागदावर सहा वर्तुळं ठरली. पाचांत पाच-पाच गोळ्या मोजायच्या, आणि सहावं, नवा लॉट सुरू करताना नळी सरावायला ज्या गोळ्या लागतात त्यांच्यासाठी.

"त्या मोजायच्या नाहीत?"

"नाही. त्या वेळी दोघंही नवीन असतात. कसेही वागतात."

"मग आपली पहिली भेट त्या सहाव्यात टाकू या."

"तुम्ही टाका," तो म्हणाला. "मी मोजली."

त्या दिवशी परत येताना एकच छत्री होती. तो छत्री माझ्यावर धरून स्वतः अर्धा भिजत होता, आणि मी तुम्ही-तुम्ही करत त्याला आत या म्हणून सांगत होते, आणि कुठल्या तरी वळणावर 'तुम्ही' गळून पडलं. कुणी उचललं नाही. वहिनीला संध्याकाळी पत्ता लागला. "त्या भोकपाड्याला तू 'अरे' म्हणालीस फोनवर," ती म्हणाली, आणि मला दोन दिवस छळलं.

मी सुखात होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे ते कुठे दिसणार नाही.

---

निवड दोन वर्षांतून एकदा होते, हे मला माहीत होतं. निवडले गेलेले दोघं कुठे जातात, हे मी विचारलं नव्हतं. एका सुट्टीला त्यानेच सांगितलं, काडतुसांचे डबे रांगेत लावता लावता.

"शिबिर आहे. दूर, पार दुसऱ्या टोकाला. राहायचं तिथेच. शिकवणारे चांगले आहेत म्हणतात."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

मी वर्तुळं मोजत बसले. सहाच होती.

माझे बाबा सहा महिन्यांसाठी कामाला गेले होते. मी सात वर्षांची होते. आधी पत्रं आली, मग फक्त पाकिटं आली, मग तीही नाही. मेले नाहीत, दादाला ठाऊक आहे कुठे आहेत ते. नुसते आले नाहीत. तेव्हापासून कुणी बॅग भरायला लागलं की मी तिथून उठून जाते, मग ते वहिनीचं चार दिवसांचं माहेर का असेना. हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "छान आहे की."

आणि तो बघत राहिला, आणखी काही येईल म्हणून. मी आणखी काही दिलं नाही.

पाची लॉट झाडून बघायचा शेवटचा दिवस आला. आदल्या दिवशी दुकानात वेगळीच तारांबळ होती, आणि त्या साईच्या रंगाच्या कार्डाचा एकच मोठा ताव उरला होता. त्यातून चार टार्गेटं सरळ निघत होती. पाचव्यासाठी उरलेली पट्टी आडवी धरून कापावी लागत होती. इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. कागदाला रेषा असते, तिला आम्ही ग्रेन म्हणतो. कागद रेषेच्या दिशेने सहज फाटतो, आडवा अडतो. घडी घालायची असेल तर ग्रेन बघायचाच. पण सपाट टांगायच्या कागदाचा ग्रेन कोण बघतं? मीही बघितला नाही. आडवा कापला, छापला, गठ्ठ्यात घातला. कुठला कितवा, याचीही आठवण ठेवली नाही.

त्या दिवशी हवा इतकी ओली होती की पत्र्यावरून आतूनच पाणी ठिबकत होतं. त्याने एकामागून एक पाच लॉट झाडले, दर लॉटला एक कागद. मग बाकावर बसून व्हर्नियरने मोजले. पाच गोळ्यांचा घोळका जितका लहान, तितका लॉट चांगला.

"एक, वीस. दोन, सोळा. तीन, एकोणीस..." तो मिलिमीटर सांगायचा, मी लिहायची. चौथ्यापाशी त्याचा चेहरा पडला. "सतरा, साडेसतरा... आणि बघ, सगळे उभे लांबलेत. पाचही."

"उभे म्हणजे वाईट?"

"वाईटच. आडवे पसरले तर वारा म्हणावं. उभे पसरले म्हणजे गोळ्यांचा वेगच सारखा नाही. हा लॉट लहरी आहे." त्याने चार नंबरवर फुली मारली. "मला वाटलं होतं हाच निघेल. हाताला बरा लागत होता."

पाचवा अठरा निघाला, म्हणून दोन नंबर ठरला. शुक्रवारी कोठीवाले आजोबा ज्याने जो लॉट मागितला तो सही घेऊन देणार होते, आणि एकदा दिला की बदल नाही.

कागद मी घरी नेले. त्याच्या हातचं काहीतरी जवळ असावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. छपाई तपासायचं भिंग समोरच होतं. मी सहज चार नंबर भिंगाखाली धरला... आणि तशीच उभी राहिले.

शिशाची कड गोल होती. लहान, गोल, एकीला एक लागून. लांबलं होतं ते भोक नव्हे, ओल्या कागदाची चीर. दर भोकाच्या वर आणि खाली, रेषेच्या दिशेने. बाकीच्या चारांची रेषा चौकटीच्या आडव्या ताणाच्या दिशेने होती, म्हणून ते चिरले नव्हते. कागद आडवा कापलेला. माझा. त्याने चिरेच्या टोकापासून टोकापर्यंत मोजलं होतं. कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर चौथा लॉट पाचांत सगळ्यांत चांगला होता.

फोन हातात घेतला. क्रमांकही लावला. मग मला बॅग दिसली. त्याची अजून कुणी भरलेली नव्हती, तरी दिसली. मी फोन खाली ठेवला.

तो मंगळवार होता. बुधवारी मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. गुरुवारी सांगितलं, दोन नंबरही वाईट नाही. शुक्रवारी मात्र राहवलं नाही, दुकान वहिनीवर टाकून रेंजवर धावत गेले. तो कोठीच्या दाराशी उभा, हातात दोन नंबरचे डबे, सही अजून व्हायची होती. मला बघून त्याचं तोंड असं उजळलं, की आजोबांनी चष्मा सारखा केला.

"तू कशी काय इथे?"

"अशीच," मी म्हटलं.

"बरं झालं आलीस. धाकधूक होती." मग हळूच, माझ्याकडे न बघता, "नाही लागली निवड, तरी इथे तू आहेसच ना... म्हणून फार नाही वाटत."

आजोबांनी वही पुढे केली. मी तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होती. त्याने सही केली. चौथा लॉट रेंजवरच्या एका लंबू पोराने उचलला, दुसरं काही शिल्लक नव्हतं म्हणून.

---

निवड एका गुणाने गेली. निवडचाचणीला तो तिसरा आला, लंबू दुसरा. लंबूची रायफल वेगळी, नजर वेगळी, त्यामुळे चौथ्या लॉटने त्याचं भलं केलं की नाही, आणि याचं केलं असतं की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी स्वतःला ते पुष्कळदा सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

तो शांत होता. दोन आठवडे काटे दुरुस्त करत राहिला, रेंजवर फिरकला नाही. मग रोज संध्याकाळी दुकानात यायला लागला, स्टुलावर बसायला लागला, दादाशी गप्पा मारायला लागला. हळूहळू हसायलाही लागला. मला हवं होतं ते सगळं समोर बसलेलं होतं, आणि मला त्याच्याकडे नीट बघता येत नव्हतं. तो जवळ आला की माझा हात काउंटरखालच्या खणाकडे जायचा. चार नंबर तिथे होता.

एका दुपारी दादा नव्हता. बाहेर तीच झिमझिम. त्याने कातरणीचा एक तुकडा उचलला, त्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"मी आता दोन वर्षं इथेच आहे," तो म्हणाला. "म्हणजे त्यानंतरही... तुझ्या दादाशी बोलू का?"

या वाक्याची मी वाट बघत होते. आरशासमोर हो म्हणून बघितलं होतं, लाज वाटते सांगायला, पण बघितलं होतं.

"आधी माझ्याशी बोल," मी म्हटलं, आणि खणातून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यावर भिंग ठेवलं. "कड बघ. भोक बघू नको, शिशाची कड बघ."

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग खिशातून व्हर्नियर काढला आणि पाचही घोळके मोजले, एकेक, सावकाश, जसा तो परक्याचा काटा तपासत असेल तसा.

"चौदा," तो म्हणाला. "तेरा. चौदा. साडेतेरा. चौदा."

आत वहिनी भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

"कागद आडवा कापला होता मी," मी म्हटलं. "ताव संपला होता. ओल होती, रेषेत चिरला. मला माहीत नव्हतं... खरंच."

"कळलं कधी?"

"दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे शुक्रवारच्या आधी."

"हो."

"तू आली होतीस शुक्रवारी. 'अशीच' म्हणालीस."

"हो."

त्याने व्हर्नियर बंद केला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "कापण्यातली चूक मी समजू शकतो. गप्प का बसलीस?"

"तू जाऊ नयेस म्हणून." मग बांध फुटला, आणि मी सगळं बोलले. बाबा, पाकिटं, सहा महिने, बॅग. आणि मला तू हवा होतास, इतका, की तुझं नुकसान झालं तरी चालेल असं मला वाटलं, तीन दिवस वाटलं, आणि हे असं माणूस आहे तुझ्यासमोर, आता दादाशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

त्याने भिंग उचलून माझ्या बाजूला ठेवलं.

"बाबांचं आधी सांगितलं असतं तर थांबला असतास?" मीच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. तेव्हाही खोटं बोलला नाही. "गेलो असतो. आणि परत आलो असतो."

"सगळे तेच म्हणतात."

"मी म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "तू मला म्हणूच दिलं नाहीस."

कागदाची गुंडाळी करून त्याने शर्टाच्या आत घातली, भिजू नये म्हणून, आणि गेला. छत्री दाराशीच राहिली.

वहिनी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं जवळ घेईल, नाही तर भोकपाड्याला चार शिव्या तरी घालेल.

"चुकलीस," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चल, दोन घास खाऊन घे आधी."

---

तेवीस दिवस. मोजले, कारण दुसरं काही मोजायला नव्हतं. दादाला वहिनीने काय सांगितलं कोण जाणे, तो माझ्याशी फक्त कागदाविषयी बोलायचा, तेही हळू आवाजात. मी प्रेमात पडले आहे हे मला खरं म्हणजे त्या तेवीस दिवसांत कळलं. आधी मला तो माझ्याजवळ हवा होता. आता मला वाटायचं, जिथे असेल तिथे त्याचा नेम लागो. रेंजवर, शिबिरात, कुठेही. मी नसले तरी.

चोविसाव्या दिवशी तो आला. दाढी वाढलेली. स्टुलावर बसला नाही.

"टार्गेटं हवीत," तो म्हणाला. "दोनशे. सगळी एकाच ग्रेनची."

"ते कार्ड संपलंय. त्याच्यासारखं दुसरं आलंय, पण झाडून बघावं लागेल."

"बघू."

मी आत गेले. तोही मागोमाग आला, मशीनपाशी उभा राहिला, हाताची घडी घालून. मी तावाच्या कोपऱ्याची पट्टी काढली, ओल्या बोटाने एक बाजू भिजवली, आणि ती वळायला लागली ती त्याला दाखवली. "वळून नळी झाली की नळी ज्या दिशेला लांब, तिकडे रेषा." त्याने पट्टी हातात घेऊन बघितली. मान हलवली. मी पहिला थर कापला. त्याने वरचा कागद उचलला, एक पट्टी स्वतः भिजवून बघितली, आणि ठेवला. दुसरा थर कापला. त्याने तोही तपासला. असे सगळे. मी एकदाही म्हटलं नाही की आता पुरे.

"राग गेला नाही अजून," तो म्हणाला. गठ्ठा बांधून झाल्यावर.

"असू दे."

"किती दिवस राहील ते मला सांगता येत नाही. कधी कधी एकदम येतो."

"आला की इथे ये. मी इथेच असते."

त्याने गठ्ठा काखेत घेतला. दोन पावलं गेला, थांबला. "पुढच्या सुट्टीला मोजायला कुणी नाही."

मी हातातली सुतळी खाली ठेवली. "मी... मोजू?"

"तू मोज. मग मी परत मोजेन."

"दर वेळी?"

"दर वेळी," तो म्हणाला. "चालेल?"

असं प्रेम कुणी मागत नसेल. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि तो बघत होता, एकदा लागले की न हलणाऱ्या त्या डोळ्यांनी, माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी चालेल म्हटलं.

"आणि दोन वर्षांनी निवड आहे," तो म्हणाला. "लागली तर मी जाणार. आत्ताच सांगतो."

मला परत बॅग दिसली. ती दिसणारच होती, ती काही कुणाच्या सांगण्याने जाणारी नव्हे. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकल टेकवत होतं, वहिनी आतल्या दारात श्वास रोखून उभी होती.

"जा," मी म्हटलं. आणि वाट बघत राहिले.

"परत येईन," तो म्हणाला.

मला लगेच खरं वाटलं असं नाही. भीती होती तेवढीच होती. पण मी त्याला वाक्य पुरं करू दिलं, आणि गठ्ठा जड होता म्हणून त्याच्या दुसऱ्या बाजूला हात लावला. आम्ही दोघं मिळून तो दारापर्यंत नेला.